फ्लॅटमधे कुंडीत भाजी: कोथिंबीर दोऱ्यासारखी वाढून आडवी व्हालीय, काय करू?

अनगोळ_तिसरा_मजला | जुलै

नमस्कार मंडळी. बेळगावात अनगोळला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट हाय, टेरेसला सोसायटीनं कुलूप घातलंय, बाल्कनी म्हणजे कपडे वाळत घालायची जागा आणि पावसाळ्यात तिथं तिरका पाऊस आत येतोय, म्हणजे जे काय करायचं ते घरातच. आई गावाहून, येळ्ळूरहून आमच्याकडं राहायला आल्यापासनं हात मोकळे म्हणून नुसती कुरकुर, तेव्हा जूनमधे मी हौसेनं पाच प्लॅस्टिकच्या कुंड्या आणलो, माती आणलो, धणे मेथी आणि टोमॅटोचं बी टाकलो आणि टीव्हीच्या बाजूला लाइनीत मांडून ठेवलो.

उगवलं सगळं, तक्रार त्याची नाही. पण कोथिंबीर चार बोटं उंच झाली दोऱ्यासारखी, पानं दोनच, सगळी मान वाकडी करून खिडकीकडं बघालीय. परवा सकाळी बघितलो तर निम्मी आडवी. एक उचलून बघितलो तर मातीला टेकतंय तिथंच देठ चिमटीत धरून पिळल्यागत बारीक आणि तपकिरी झालेला, वरचा भाग अजून हिरवागार. मेथीचं पण तेच चालू झालंय. पाणी रोज सकाळ संध्याकाळ एक एक तांब्या घालतोय, कमी पडू दिलेलं नाही. तळाला वाळू आणि खडे पण घातलोय पाणी निघून जायला.

आई म्हणते "गुरं अंधाऱ्या गोठ्यात दावणीला बांधल्यागत बांधलायस की रे त्यांना." खत कमी पडलं काय? कुठलं घालू?

---

संकेश्वरची_अक्का

खत घालू नकोस. एक चमचा सुद्धा घालू नकोस.

आधी सांग, कुंडी खिडकीपासनं किती लांब हाय, खिडकी कुठल्या दिशेला, आणि कुंडीच्या बुडाला भोक हाय का? नुसती खूण असते प्लॅस्टिकच्या कुंड्यांना, ती स्क्रू ड्रायव्हर तापवून पाडावी लागतात, निम्म्या लोकांना पत्ताच नसतो.

---

अनगोळ_तिसरा_मजला

अक्का आत्ता कुंडी उलटी करून बघितलो. पाचातल्या तीनला भोकच नाही 🙈 खिडकी दक्षिणेची, कुंड्या तिच्यापासनं सात आठ फूट लांब. पण हॉल उजेडी हाय ओ, दिवसा पेपर वाचता येतो लाईट न लावता.

---

संकेश्वरची_अक्का

पेपर तू वाचतोस बाळ, कोथिंबीर वाचत नाही.

आपले डोळे लबाड, अंधार असला तर बाहुली मोठी करून भागवून घेतात. झाडाला तसं करता येत नाही. बाहेर उघड्यावर रखरखीत उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स (उजेडाचं माप) उजेड असतो, ढगाळ दिवशी सुद्धा दहा वीस हजार. घरात पेपर वाचायला तीनशे पाचशे लक्स बस होतात. आता तूच हिशेब कर तुझी कोथिंबीर किती उपाशी हाय ते. मोबाइलवर लक्स मोजायचं फुकट ॲप मिळतं, अगदी तंतोतंत नसतं पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला चालतं. खिडकीच्या कट्ट्यावर मोज आणि टीव्हीजवळ मोज आणि हितं येऊन सांग.

आडवी पडली ती उपाशी होती म्हणूनच नाही फक्त. देठ बुडात पिळल्यागत होतो ती मर. मातीतली बुरशी, ओल सतत राहिली आणि हवा खेळती नसली की कोवळ्या रोपाला धरते. भोक नसलेल्या कुंडीत रोज दोन तांबे, पावसाळ्याची हवा, मग काय होणार. ती वाचणार नाहीत, उपटून टाक, ती माती पण परत बी पेरायला वापरू नकोस, उन्हाळ्यात काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कडक उन्हात तापवलीस तर पुढं वापरता येईल.

आणि ते खडे काढ. खडे घातल्यानं पाणी लवकर जात नाही, उलट ओली माती खड्यांच्या वर अडून बसते आणि मुळांची जागा तेवढी कमी होते. भोकावर खापरीचा एक तुकडा किंवा जाळीचं कापड ठेवलं की झालं.

---

अनगोळ_तिसरा_मजला

मोजलो. सकाळी ११ वाजता, ढगाळ. कट्ट्यावर ३२००. टीव्हीजवळ १८०. एकशे ऐंशी!! आईला दाखवलो तर म्हणाली हे कळायला मोबाइल कशाला लागतोय.

---

मास्तर_गोकाक

दक्षिणेच्या खिडकीबद्दल एक सांगतो, कारण यूट्यूबवर सगळे दक्षिणेची खिडकी सर्वात चांगली म्हणून सांगतात आणि लोक फसतात. ते सांगणारे थंड देशातले, तिकडं सूर्य बारा महिने दक्षिणेला असतो. आपलं बेळगाव १६ अंश उत्तर अक्षांशाच्या जरा खाली. आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही, आणि तिथून पुढं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे मे, जून, जुलै दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन शिरतच नाही, वर पावसाचे ढग. तुम्ही नेमकी सगळ्यात वाईट वेळ साधलीत.

तीच खिडकी डिसेंबरात बघा. दुपारचा सूर्य क्षितिजापासनं साधारण ५१ अंश उंचीवर असतो, ऊन दोन तीन फूट आत फरशीवर येईल. तोवर पूर्वेची खिडकी असेल तर तिचा विचार करा, सकाळचं ऊन पालेभाजीला मानवतं आणि माती तापत नाही.

---

अनगोळ_तिसरा_मजला

सर, पूर्वेची खिडकी आईच्या खोलीत हाय. तिथं देव आणि शिलाई मशीन. वाटाघाटी कराव्या लागतील.

---

वडगाव_मागवाला

आमच्याकडं बघा कसं जमलंय. जुनं घर, पुढच्या खोलीत पूर्वी हातमाग होता, तो गेल्यावर खोली रिकामी. कौलात तीन काचेची कौलं हायत, मागावर उजेड पडायला आजोबांनी बसवलेली. त्या उजेडाचा चौकोन सकाळपासनं दुपारपर्यंत जमिनीवरनं सरकत जातोय, त्याच्या वाटेवर मी फळांचे थर्माकोलचे खोके ठेवलोय, बुडाला भोकं पाडून. लाल माठ, पुदिना, एका कोपऱ्यात अळू. खिडकीचा उजेड एका बाजूनं येतोय म्हणून झाडं वाकडी होतात, कौलाचा डोक्यावरनं येतोय म्हणून सरळ उभी. काच तेवढी वर्षातनं दोनदा चढून पुसावी लागते, कावळे घाण करतात आणि पावसात शेवाळ धरतंय. माठ मस्त येतोय पण बाहेरच्यासारखा लालभडक होत नाही, हिरवट लाल राहतोय. चवीला फरक नाही.

---

पुण्यात_अडकलेला_बेळगावकर

काचेचं कौल 😍 आमच्या मामाच्या घरी होतं. फ्लॅटवाल्यांनी काय करायचं ते सांगा की. ग्रो लाईट, म्हणजे झाडं वाढवायचे दिवे, कोण वापरतंय का? ऑनलाइन ते जांभळे गुलाबी मिळतात, घरात लावले तर बिअर बारसारखं दिसतंय बायको म्हणते.

---

संकेश्वरची_अक्का

जांभळ्याचं काही अडलेलं नाही. साधी पांढरी एलईडी पट्टी, २० वॅटची चार फुटी ट्यूब, थंड पांढरा उजेड (कूल व्हाइट) लिहिलेली, पालेभाजीला बस होते. पण छताला लावून उपयोग नाही, पानांपासनं वीतभर अंतरावर पाहिजे. उजेड लांब गेला की भराभर कमी होतो. एलईडी फार तापत नाही, पानाला चटका बसत नाही. बारा ते चौदा तास चालू ठेवायची आणि रात्री बंद, झाडाला पण रात्र लागते. मी जुन्या पुस्तकांच्या कपाटाच्या दोन फळ्यांमधे दोन ट्यूबा लावल्या आहेत, वर टाइमर.

---

निपाणीकर_७७

आणि लाईट बिल कोण भरणार?

---

संकेश्वरची_अक्का

दोन ट्यूबा म्हणजे ४० वॅट, बारा तासाला अर्धा युनिट, महिन्याला पंधराच्या आत. पण गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना, असेल तर बघून करा. फुकट युनिट किती ते २०२२-२३ च्या सरासरीवर १० टक्के धरून ठरलंय. सरासरी ८० असेल तर ८८ पर्यंत शून्य बिल, वरच्याचे पैसे, आणि २०० ओलांडलं तर सगळंच बिल अंगावर. आमच्या ह्यांनी पहिल्या महिन्यात मीटरसमोर उभं राहून मला भाषण दिलं होतं. मग गीझर दहा मिनिटं कमी केला, मिटलं.

---

निपाणीकर_७७

बरं तो विषय सोडा. मावा, पांढरी माशी, असल्या सगळ्या किडींवर एकच जालीम उपाय. आमच्या निपाणीत काय कमी नाही, मूठभर तंबाखू रात्रभर भिजत घालायचा, गाळून फवारायचा. किडा औषधाला शिल्लक राहत नाही. आमचे आजोबा करत होते.

---

संकेश्वरची_अक्का

दादा, आजोबा शेतात करत होते, वाऱ्यावर. हा पोरगा बंद हॉलमधे करणार, आई तिथंच बसलेली, आणि आठ दिवसांनी तीच मेथी ताटात. निकोटीन विष आहे, कातडीतनं सुद्धा अंगात जातंय, तंबाखू खुडणाऱ्या बायकांना ओल्या पानांनी उलट्या होतात हे निपाणीच्या माणसाला मी सांगायचं होय?

दुसरं, तंबाखू, टोमॅटो, मिरची, वांगं सगळी एकाच कुळातली. तंबाखूवरचा मोझॅक व्हायरस वाळलेल्या तंबाखूत सुद्धा टिकून राहतो आणि हातानं टोमॅटोला मिरचीला लागतो. पानं चितकबरी होऊन आकसतात आणि त्याला औषध नाही. म्हणून तंबाखू मळणाऱ्यानं हात साबणानं धुतल्याशिवाय रोपाला लावू नये.

---

निपाणीकर_७७

हे हात धुवायचं माहीत नव्हतं खरं. आमची मिरची दर वर्षी आकसते, आणि मी दिवसातनं पाच वेळा मळतो 😐

---

खानापूरची_माती

उशिरा आले. कुंडी कसली घ्यायची ते कोणी बोललंच नाही म्हणून लिहिते, माझं माहेर खानापूर, कुंभाराच्या घरचं. घरात आणि विशेषतः आपल्या पावसाळ्यात भाजलेल्या मातीची कुंडी प्लॅस्टिकपेक्षा बरी. तिच्या अंगातनं ओल बाहेर पडते, तुमच्यासारख्या रोज दोन तांबे घालणाऱ्या लोकांना माफ करते. उन्हाळ्यात मात्र तीच कुंडी लवकर सुकते, तेव्हा रोज बघावं लागतं. घेताना बोटाच्या सांध्यानं वाजवून बघा, टण्ण वाजली तर भाजणी चांगली आणि चीर नाही, थप्प वाजली तर सोडून द्या. रंग लावलेली घेऊ नका, ऑइल पेंटनं छिद्रं बुजतात, मग प्लॅस्टिकच घेतलेलं काय वाईट.

मातीचं म्हणाल तर नुसती आपली तांबडी माती कुंडीत दोन पावसाळी आठवड्यात विटेसारखी बसते. एक भाग माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग गांडूळखत नाहीतर जुनं कुजलेलं शेणखत. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की सत्तर लिटरच्या आसपास होते, एकदम भिजवू नका, माझ्या बहिणीनं बाथरूमच्या बादलीत टाकली होती आणि बादलीतनं ते फुगून डोंगर वर आला. पाण्यातनं एकदा धुऊन पिळून घ्या, त्यात मीठ असतं.

पालेभाजीला सहा इंच खोली बास. मिरचीला दहा. टोमॅटोला बारा तरी हवीच, पण भरलेली ओली कुंडी वीस किलोच्या वर जाते, आधी जागा ठरवा मग भरा.

---

अनगोळ_तिसरा_मजला | ऑगस्ट

अपडेट. जुनं सगळं काढून टाकलो. खानापूरच्या चार कुंड्या आल्या, वाजवून घेतलो, दुकानदार बघतच राहिला. माती खानापूरच्या ताईनी सांगितल्यासारखी. दक्षिणेच्या खिडकीत जुन्या शू रॅकला ट्यूब बांधलो, दोन ट्यूबा, वीतभर वर. धणे चपलेखाली हलके रगडून दोन फाकी करून टाकलो, दहाव्या दिवशी उगवले, मेथी तर चौथ्याच दिवशी. आणि उभे हायत! देठ हिरवे जाड, तिसरं पान आलंय. पाणी आता बोट घालून बघतोय, पहिलं पेर कोरडं लागलं तरच.

पण नवीन त्रास. बारीक काळी चिलटं, कुंडीला हात लावला की उठतात, संध्याकाळी टीव्हीच्या स्क्रीनवर बसतात. बायको म्हणते एक तर भाजी नाहीतर मी.

---

वडगाव_मागवाला

चिलटं मातीत अंडी घालतात, अळ्या ओल्या मातीच्या वरच्या थरात राहतात. वरचा इंचभर थर सुकू दे, पाणी खालनं दे, कुंडी ताटलीत ठेवून ताटलीत ओतायचं आणि अर्ध्या तासानं उरलेलं फेकायचं. पिवळ्या चिकट पट्ट्या मिळतात त्या लाव. मी पिवळ्या फाइलच्या पुठ्ठ्याला एरंडेल फासून टांगलो होतो, तेवढंच काम होतंय. गाळलेला चहाचा चोथा टाकालास का कुंडीत?

---

अनगोळ_तिसरा_मजला

आई टाकते. साखरेसकट.

---

संकेश्वरची_अक्का

बंद करायला सांग. मुंग्या येतील, मुंग्यांच्या मागनं मावा येईल. मावा दिसला तर लिटरभर कोमट पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि भांडी धुवायच्या लिक्विडचे चार थेंब, पानांच्या खालच्या बाजूनं, दिवा बंद केल्यावर. आठवड्यानं परत. काढायच्या आधी पानं धुऊन घ्या.

---

पुण्यात_अडकलेला_बेळगावकर

कुणी धिंगरी मशरूम केलेत काय घरात, त्याला ऊनच लागत नाही म्हणे?

---

मास्तर_गोकाक

मी केलेत. भाताची पिंजर उकळत्या पाण्यातनं काढून पिशवीत थर देऊन बी घालायचं, तीन एक आठवड्यांत पांढरं जाळं धरतं आणि मग फुटतात. पावसाळी दमट हवा त्यांना आवडते. पण झोपायच्या खोलीत नको, पिकले की बीजाणू पिठासारखे उडतात आणि खोकला लागतो. आमच्याकडं हिनं पिशव्यांची रवानगी जिन्याखाली केली. तो वेगळा धागा होईल, हितं नको.

---

अनगोळ_तिसरा_मजला | नोव्हेंबर

मंडळी, मेथीचे तीन काप झाले. एका कुंडीतनं एका वेळी चौघांच्या पोळीपुरती भाजी होत नाही, एवढं खरं सांगतो, आमटीत टाकायला आणि थालीपिठाला होते. ज्यांना वाटतंय बाजार बंद होईल त्यांनी वाटून घेऊ नये, आपल्याकडं कडोलीकडची ताजी मेथी बाजारात मिळत असताना पैशाचा हिशेब लावला तर हे खुळंच हाय. कोथिंबीर मात्र परवडते, पाहिजे तेव्हा चार काड्या तोडायच्या.

टोमॅटो तिसऱ्यांदा लावलो, या वेळी चेरी टोमॅटो. सूर्य खाली उतरलाय, मास्तर म्हणाले तसं, दक्षिणेच्या खिडकीत आता चांगलं चार तास ऊन येतंय. फुलं आली, पिवळी, घोस घोस. आणि आठ दिवसांत देठासकट गळून पडालीत. खाली फरशीवर रोज सकाळी पाच सहा. काय चुकलं?

---

खानापूरची_माती

खिडकी बंद असते का?

---

अनगोळ_तिसरा_मजला

हो, जाळी हाय. डास.

---

संकेश्वरची_अक्का

मग वारा नाही, माशी नाही, फुलाला हलवणार कोण? टोमॅटोच्या फुलात नर मादी एकातच असतात, पण मधल्या पिवळ्या नळीच्या आत पराग अडकलेला असतो, तो हादरा बसल्याशिवाय पडत नाही. बाहेर वारा आणि भुंगे ते काम करतात. सकाळी दहा ते दुपारपर्यंत, हवा कोरडी असताना, घोसाच्या देठाला मागनं बोटानं टिचकी मार, रोज. बॅटरीवाला टूथब्रश असेल तर त्याची मागची बाजू देठाला लाव, फुलाला नको. बारीक पिवळी धूळ पडलेली दिसते, काळा कागद खाली धरून बघ एकदा, मजा येते.

मिरचीला पण हेच. दुधी, दोडका, काकडीला हे चालत नाही, त्यांची नर फुलं वेगळी मादी वेगळी, मादीच्या मागं बारकं फळ असतंय. नर फूल तोडून पाकळ्या काढून मादीला चोळावं लागतं. ते वेल घरात लावायचा विचार असेल तर करू नकोस, पडद्याच्या दांडीवर चढतील.

आणि पाणी एक दिवस आड, पण दर वेळी सारखंच. टोमॅटोला एकदा खडखडीत वाळवून मग भरपूर घातलं की फळाचं बूड काळं पडतं. मुळाशी कॅल्शियम असून फळापर्यंत पोचत नाही, म्हणून अंड्याची टरफलं टाकून त्याच आठवड्यात काही होत नाही.

---

अनगोळ_तिसरा_मजला | जानेवारी

फोटो टाकता येईना म्हणून लिहितोय. एकूण एकोणीस चेरी टोमॅटो लागले, अकरा लाल झाले, बाकी हिरवे. टिचकी मारायचं काम आईनं घेतलं. पहिले चार दिवस मला विचारत होती, आता मला हात लावू देत नाही. शिलाई मशीन हॉलमधे आलंय आणि पूर्वेच्या खिडकीत, देवाच्या बाजूला, तीन कुंड्या गेल्यात, मी न विचारता. एक अळूची, येळ्ळूरच्या परड्यातनं गड्डा आणून लावलेली. ट्यूब अळूला नकोच म्हणाली आई, सावली चालतेय तिला ठाऊक होतं, मी मात्र गूगल करालो होतो.

कुणाला काय विचारायचं असेल तर तिलाच विचारा, ती सांगेल तसं मी टाइप करतो.

---

पुण्यात_अडकलेला_बेळगावकर

मावशी, माझी पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारनंतर कडक ऊन. अळू लावू का? आणि खाज न येणारं कुठलं?

---

अनगोळ_तिसरा_मजला

आई म्हणते: "कडक उन्हात पानं करपतील, आत ओढून ठेव. काळ्या देठाचं वड्यांना, हिरव्या देठाचं फदफद्याला. खाज दोन्हीला असते, चिंच घाल, नाहीतर आमसूल, आणि चिरताना हाताला तेल लाव. येळ्ळूरला गड्डे ढीग पडलेत, बेळगावला आलास की पिशवी घेऊन ये."